एड्नाबाईंची दुभाषी

८ जानेवारी १९७३, सोमवार

नोकरी लागली! नगरच्या मिशन दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंची मोठी बहीण आलीय, पावसाळ्यापर्यंत राहणार. तिच्याबरोबर हिंडायचं, मराठीचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी करायचं. बी.ए.चा एवढा तरी उपयोग.

नाव एड्ना. पन्नाशीच्या. केस आखूड, डोळ्यांवर काळा चष्मा, सिगरेट ओढतात! चालतात इतक्या भराभर की माझी चप्पल दोनदा निघाली. आज सुप्याच्या रस्त्यावर दुष्काळी कामावर गेलो. बायका खडी फोडत होत्या. एड्नाबाई त्यांच्या मुलांना दुधाचे पेले वाटत होत्या, पण एका जागी पाच मिनिटं बसतील तर शपथ.

मीही तशीच. घरी आले तर अण्णांनी बातमी दिली — संक्रांतीला श्रीगोंद्याचे पाहुणे येणार. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट. आणि नाटकाचे सर तिकडे विचारतायत, कोल्हापूरला जाणार की नाही? पुण्याच्या स्पर्धेत माझं काम पाहून सिनेमावाल्यांनी बोलावलंय. महिनाअखेरीपर्यंत कळव म्हणाले. काय कळवू? घरात बोलले कुठेय अजून!

११ जानेवारी

सिनेमानटी!! एड्नाबाई सिनेमात होत्या! डॉक्टरीणबाई चहा ओतता ओतता सहज बोलून गेल्या. नाव वेगळं होतं, क्लेअर हॉल्डन. मी कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर.

“फार जुनं आहे ते,” एड्नाबाई म्हणाल्या आणि उठून बाहेर गेल्या.

१४ जानेवारी

पाहुणे येऊन गेले. मुलाचं नाव गोरक्ष. नीटनेटका आहे, वाईट नाही. माझ्याकडे बघितलं नाही, तिळगुळाकडे बघत होता. पसंती तिथेच सांगितली त्यांनी.

१९ जानेवारी, शुक्रवार

आज एड्नाबाईंना बाभळीखाली गाठलंच. विचारलं. आधी हसल्या, मग बोलायला लागल्या.

बाप शेतकरी, गव्हाचा. कॅन्ससमध्ये. लहानपणी तिथेही असाच दुष्काळ, वर धुळीची वादळं. दिवसा कंदील लावायचे म्हणे, आई ताटं पालथी घालून ठेवायची. जेवताना सुलटी करायची, तरी घास करकरायचा. एकोणिसाव्या वर्षी बसने एकट्या लॉस एंजेलिसला. खानावळीत वाढायचं काम. तिथे एकाने पाहिलं, स्टुडिओत नेलं.

“त्यांनी माझं नाव काढून घेतलं. मग चार दाढा.”

मला वाटलं मला इंग्रजी कळलं नाही. पुन्हा विचारलं. खरंच दाढा! गाल आत जावेत, चेहरा रेखीव दिसावा म्हणून चांगल्या दाढा उपटल्या. कपाळ मोठं दिसावं म्हणून केस मुळासकट काढले. शेतकऱ्यासारखं बोलते म्हणून एक बाई रोज बोलायला शिकवायची. सात वर्षांचा करार, पुढे आणखी सात वर्षं वाढवलेला. आईने पत्रात लिहिलं, पेपरातल्या फोटोत मी तुला ओळखलं नाही.

“रडू आलं असेल,” मी म्हटलं.

“छे! खूष होते मी. ओळखू येऊ नये असंच वाटत होतं मला.”

२० जानेवारी

आरशात तोंड उघडून दाढा मोजत होते. आईने विचारलं, “दुखतीया का गं?”

२८ जानेवारी

सरांना सांगून टाकलं, येते! अण्णांना विचारलेलंच नाही.  वाचायला घेतलं, ठेवलं. केस विंचरले, पुन्हा सोडले. शेवटी सुट्टी असून बंगल्यावर गेले.

एड्नाबाई ओट्यावर पेरू चिरत होत्या. मी म्हटलं, पुढचं सांगा.

चौदा सिनेमे केले. बहुतेकांत नायिकेची मैत्रीण किंवा बहीण — शेवटी जिला कोणी विचारत नाही ती. एकदाच मोठं काम मिळालं. शेतावरच्या बाईचं, मेकअपशिवाय. त्यात त्या आपल्या खऱ्या बोलीत बोलल्या. पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतलं. पुढच्या आठवड्यात स्टुडिओच्या मालकाने खोलीत बोलावलं. पुढचं चित्र तुझंच, म्हणाला. मग उठून दाराला कडी लावली.

पेरूच्या फोडी करता करता सांगत होत्या, सुरी थांबली नाही. त्याला ढकललं, त्याचा चष्मा फुटला, त्या निसटल्या. त्यानंतर काम बंद. करार असल्यामुळे दुसरीकडेही जाता येईना. सुटल्या तेव्हा चौतीस वर्षांच्या होत्या, आणि कोणालाच नको होत्या. पुढे टेलिव्हिजनवर साबणाच्या जाहिराती. नवरा झाला, गेला. मूल नाही.

आणि ते मोठं काम? “गाजलं. अजून कधीतरी दाखवतात. मी बघत नाही.”

मग मी माझं सांगितलं. कोल्हापूर, श्रीगोंदा, सगळं. विचारलं — जाऊ का?

“ते मला विचारू नकोस.” पेरूची फोड पुढे केली. तिखटमीठ जास्त झालं होतं.

१ फेब्रुवारी

जाऊ नकोस असंही म्हणाल्या नाहीत! दिवसभर हेच.

४ फेब्रुवारी, रविवार

फार वाईट वागले आज. लिहूनच टाकते.

एड्नाबाई आमच्याकडे जेवायला आल्या. आईने हुलग्याचे शेंगोळे केले होते आणि रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या. आई म्हणाली, “त्यास्नी सांग, ही तुमच्याच देशातली हाय. गॉड न्हाई लागत, पन हाय तर हाय.” मी सांगितलं, एड्नाबाई खो-खो हसल्या. तिकडे ही जनावरांना घालतात, म्हणाल्या. हे मी आईला सांगितलं नाही. पहिलं खोटं ते. त्याचं काही नाही.

अण्णा जेवून बाहेर गेल्यावर आईने विचारलं, “सिनेमात हुत्या म्हनं. मंग सोडलं का?”

एड्नाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे बघून सावकाश सगळं सांगितलं. खोली, कडी, चष्मा. माझ्यासाठी थांबत थांबत सांगत होत्या. आणि मी काय सांगितलं? “त्या म्हणतात, तब्येत बरी नव्हती, म्हणून सोडलं. लोक फार चांगले होते.”

दुसरं काय करणार! खरं सांगितलं असतं तर आईने मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं.

आईने एड्नाबाईंच्या ताटात अजून एक भाकरी वाढली. त्या नको म्हणत असताना वाढली.

५ फेब्रुवारी

सकाळी आई सुपात मिलो पाखडत होती. वर न बघता म्हणाली, “काल ती बाई काय म्हनली गं?”

“सांगितलं की.”

“तू सांगितलंस ते. मी तिचं तोंड बगत हुते. दुखन्याचं सांगताना कुनी असं बसत न्हाई.”

मग सगळं सांगितलं. रडत सांगितलं. कोल्हापूरचंही. सरांना कळवून टाकलं तेही. ती पाखडतच राहिली. शेवटी विचारलं, “पार ढकलून दिला का त्याला?”

“हो.”

“बरं केलं.”

आणि सूप झटकून चुलीकडे गेली. 

११ फेब्रुवारी, रविवार

घरात रण माजलं. अण्णा म्हणाले, सुपारी फोडायचा दिवस ठरवून आलो. आई म्हणाली, “आदी कोल्हापूर. मंग सुपारी.”

अण्णांना काही कळेना. कळलं तेव्हा ओरडले नाहीत, खाली बसले. “चांगलं घर चालून आलंय. उद्या पाव्हण्यांनी इचारलं पोरगी कुठंय, तर काय सांगू? पडद्यावर? आन तिथं तिला काय झालं तर कुणाचं तोंड बघू मी?”

 मला त्यांचा राग यावा अशी माझी इच्छा होती, आला नाही.

“मी जाते संगं,” आई म्हणाली. “मी आसताना कोन कडी लावतंय बगू.”

आई! जी नगर सोडून माहेरापलीकडे कुठे गेली नाही! अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून झटकली. “चार दिस. मंग मी पाव्हण्यांना शब्द देणार.” एवढंच म्हणाले.

१८ फेब्रुवारी

एड्नाबाईंना सांगायला गेले. आईबद्दल ऐकल्यावर सिगरेट पेटवायची राहिली. “माझी आई येते म्हणाली असती तर मी तिला येऊ दिलं नसतं,” म्हणाल्या, “लाज वाटली असती मला तिच्या हातांची.”

निघताना मी परत विचारलं — पुन्हा करायचं झालं तर कराल?

“वीस वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “अजून सकाळी जाग आली की पहिल्यांदा वाटतं, आज शूटिंग आहे, उशीर झाला. धडपडून उठते. मग आठवतं.” फाटकापर्यंत आल्या. परत गेल्या. मागे वळून पाहिलं तर ओट्यावर येरझाऱ्या घालत होत्या.

 मला हेच हवंय का? हवंय. हवंच आहे.

२४ फेब्रुवारी, कोल्हापूर

झाली एकदाची टेस्ट! 

प्रसंग असा — घर सोडून निघालेली मुलगी आत्याला सगळं ऐकवते. आत्याचं काम करणारी बाई आलीच नव्हती. दिग्दर्शक वैतागले. कोपऱ्यात पिशवी धरून आई बसली होती. म्हणाले, “बाई, तुम्ही बसा हिच्यासमोर. काही करू नका, नुसतं ऐका.”

मी बोलले. एक शब्द चुकला नाही. डोळ्यांत पाणीही आलं, अगदी हव्या त्या वाक्याला! आई ऐकत होती. माझं संपलं तरी कोणी थांबवेना, यंत्राची घरघर चालूच. दिग्दर्शकांनी आईला हाताने खूण केली, बोला काहीतरी. आईने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, “जेवलीस का?”

 तिने काहीतरी घोटाळा केला असं वाटून मी चिडले. मुक्कामी परतताना तिच्याशी बोललेही नाही.

२६ फेब्रुवारी

निरोप आला. मी नाही. आत्याच्या कामाला आईला बोलावलंय.

आई आधी म्हणाली, “थट्टा करत्यात व्हय आपली?” मग खिडकीशी गेली. मग पदर सारखा करून माझ्याकडे वळली — “किती दिस लागतील गं? आन तुज्या बापाला कोन सांगनार, तू का मी?”