दोन वडांच्या मधून

आईस,

तामन वस्तीतल्या गल्लीतून सुमिनीचा वाकून नमस्कार. मी मजेत आहे. तुझा गुडघा कसा आहे? बटाटे काढून झाले का?

जोगजा शहरात धुकं पडत नाही, असं सगळे म्हणतात. मला मात्र रोज सकाळी गल्लीमागच्या जुन्या जलमहालावर आपल्या डोंगरासारखंच धुकं उतरलेलं दिसतं. त्यातून कोंबडा आरवला की क्षणभर घरीच आहे असं वाटतं. अक्षर मोठं आलंय ना? कागद भरायचा होता, म्हणून.

कापडावर मेणाने बाटिकची नक्षी काढायचं काम चालू आहे. आमची मालकीण गियेम मावशी म्हणते, "तुझे मेणाचे ठिपके हल्ली फिरायला निघालेत गं! कुणाच्या प्रेमात पडलीस?" मी म्हटलं, पडले. काळजी करू नकोस, तसं कुणी नाही.

काल संध्याकाळी ती मला राजवाड्यामागच्या मैदानात घेऊन गेली. तिथे डोळे बांधून दोन वडांच्या मधून पार गेलं, की मनातली इच्छा पुरी होते म्हणतात. सगळे भलतीकडेच जातात. एक जण तर मक्याच्या गाडीवर जाऊन आदळला. मी पायांनी चाचपत थेट पलीकडे पोचले. मावशी ओरडली, "मन स्वच्छ आहे हो पोरीचं!"

मन कसलं गं, सवय आहे. पट्टी सोडली तरी दोन्ही वड धुक्यातच होते.

धाकट्या एंदांगला शाळेच्या सुट्टीत माझ्याकडे पाठव ना. हात धरायला नव्हे, गप्पा मारायला.

तुझीच,
सुमिनी