गोलूच्या डोक्यावर हात

माय,
लेकाचा पाया पडून नमस्कार. चाकणले जेवण, ड्युटी बरोबर हाये. तुह्या गुडघ्याचं कसं हाये?

इथल्या एका शाळेत दारू सोडणाऱ्यायची मीटिंग सापडली. दोनदा शाळेच्या गेटावरून वापस फिरलो. काल आत गेलो, नाव सांगतलं. कोणी हासलं नाही.

पोळ्याले इंझोरीले येतो. पण माय, माह्या गोलूच्या डोक्यावर हात ठेवून मले शपथ घ्यायले लावू नोको. मांगच्या पोळ्याले घेतली, संध्याकाळीच मोडली. दुसऱ्या दिवशी लेकराले ताप आला. माह्यामुळंच आला, असं मले अजून वाटते.

मीटिंगमंधी जलमभराची शपथ मागत नाही. आज पेऊ नोको, एवढंच म्हणतात.

आज पेलो नाही. हे पत्र तुह्या हाती पडन, त्या दिवसाचं मले सांगता येत नाही.

तुहा हरीओम