मंजूर झालेल्या दोन सायकली परत घेऊन एकच सायकल देणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
सायकल निवड समिती,
पशुसेवा वाटप मंडळ, सोलापूर.

विषय : मंजूर झालेल्या दोन सायकली परत घेऊन त्यांच्या बदल्यात एकच सायकल मिळणेबाबत.

संदर्भ : १) दोन सायकली मंजूर केल्याचे आपले पत्र.
२) त्या कशा चालवू नयेत याबाबतचे आपले पुढचे पत्र.

महोदय,

मी होटगी भागात फिरता पशुसेवक म्हणून बावीस वर्षे काम करतो. मागितल्यापेक्षा जास्त देण्याची मंडळाची रीत नाही. त्यामुळे एक सायकल मागितल्यावर दोन आल्या, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते. (मोटारसायकलचा विषय काढू नये अशी तोंडी ताकीद असल्याने काढत नाही.)

१. होटगीपासून मेंढपाळ बिरप्पा बंडगर यांची वस्ती साडेसहा किलोमीटर आहे. सुरुवातीला डांबर, मग गाडीवाट, पुन्हा थोडे डांबर, मग काळ्या रानातली पायवाट, असा हा रस्ता सहा वेळा जात बदलतो. डांबर आणि कच्ची वाट दोन्हीवर चालेल अशी एक सायकल मी मागितली होती. आपल्या नमुना अर्जात ‘डांबरी’ आणि ‘कच्चा’ असे दोनच रकाने आहेत. मी दोन्हींवर खूण केली. ही माझी चूक, ती मान्य आहे.

२. निवडीच्या बैठकीला मी हजर होतो. तीन सदस्य बारीक टायरच्या बाजूने होते, तीन जाड टायरच्या. एकानेही पायडलवर पाय ठेवला नाही. बारीक टायरची सायकल कार्यालयाच्या फरशीवर उभी करून तिच्याशेजारी फोटो काढले, जाड टायरची हिरवळीवर उभी करून तिच्याशेजारी काढले, आणि दोन्ही आपापल्या जागी समाधानकारक असल्याचा शेरा मारला. मते समान पडली, म्हणून आपण दोन्ही मंजूर केल्यात. अशा न्यायबुद्धीपुढे माझ्यासारख्याने काय बोलावे?

३. डांबर संपेल तिथे सायकल बदलावी, असे पहिल्या पत्रात आहे. बदलायची सायकल तिथे आधी जाऊन कशी उभी राहणार, हे पत्रात नाही. विचारल्यावर दुसरे पत्र आले : बारीक सायकलीवर कच्च्या वाटेवर बसू नये, जाड सायकलीवर डांबरावर बसू नये, ‘मात्र हातात धरून नेण्यास हरकत नाही.’ एकीवर बसून दुसरी हाताने ओढूनही पाहिली. उजवा गुडघा फुटला. तेव्हापासून मी दोन हातांत दोन सायकली धरून पायी जातो. लसीचा डबा गळ्यात असतो.

४. डबा मेंढ्यांच्या देवीच्या लसीचा आहे. त्यातला बर्फ उन्हात दीड तास टिकतो. दोन सायकलींसह मला सव्वादोन तास लागतात. सोमवारी पोहोचलो तेव्हा बर्फाचे पाणी झाले होते. बुधवारीही तेच. बिरप्पाने दोन्ही दिवशी सकाळपासून एकशे ऐंशी मेंढ्या वाघुरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडून ठेवल्या होत्या. मी दोन्ही दिवशी त्याच्यादेखत लस मातीत ओतली. बिरप्पाच्या पत्नी गोजाबाई यांचे म्हणणे जसेच्या तसे कळवतो : “दोन बायका केलेला बाप्या बघितलाय मी, दोन सायकली केलेला तुमीच पयले. आन् दोन्हीबी तुमालाच चालायला लावत्यात की वो!”

आपल्या कार्यालयाने मात्र दोन्ही फेऱ्या मिळून तीनशे साठ मेंढ्यांचे लसीकरण झाल्याची नोंद केली आहे. मंजूर वाहन वस्तीवर पोहोचले की लस टोचली गेली असे धरतात, हे मला चौकशीअंती समजले. अभिनंदन.

५. येत्या रविवारी पहाटे कळप चरायला बाहेर पडतो, तो पावसाळ्यालाच परततो. वाटेत परक्या कळपांशी गाठ पडते. देवी शिरली की आधी कोकरे जातात. दोन वर्षांपूर्वी बिरप्पाची एकतीस गेली. त्यांना खड्ड्यात ठेवताना मी तिथे होतो. समिती नव्हती.

६. आता सायकलीविषयी. होटगीतले दुरुस्तीवाले गुरुबसप्पा यांनी चौथीपुढे शाळा पाहिलेली नाही, म्हणून ते समितीवर नाहीत. त्यांनी माझ्या दोन्ही सायकली बराच वेळ बघितल्या आणि म्हणाले, “लई बारीक टायर रानात रुततंय, लई जाड डांबरावर दम काढतंय. मधलं घाला की, साहेब. आन् मडगार्ड टायरपास्नं दोन बोटं लांब ठिवा, काळी माती बसली की चाकच फिरत न्हाय.” एवढेच. बैठक नाही, फोटो नाही. मधल्या टायरची, सरळ हँडलची, मागे दणकट कॅरिअर असलेली एक जुनी सायकल त्यांनी मला दिली. गुरुवारी रिकामा डबा बांधून वस्तीवर जाऊन आलो. जायला अडतीस मिनिटे लागली. सहाही ठिकाणी उतरावे लागले नाही.

७. सदर सायकल मंजूर वाहन नसल्याने तिच्यावरून नेलेली लस टोचली तरी टोचली असे धरता येणार नाही, असे आपल्या लिपिकांनी सांगितले. हरकत नाही. नोंदीतल्या तीनशे साठ मेंढ्या आपल्याकडे सुखरूप आहेतच, त्यांना कुणी हात लावत नाही. मी शनिवारी सकाळी सात वाजता उरलेल्या एकशे ऐंशींकडे निघतो आहे. त्या खऱ्या आहेत. परवानगी तोवर आली तर अर्जाला लावीन.

आपला, दोन्ही हात आता मोकळे असलेला,

(सही)
शिवानंद महालिंगप्पा बिराजदार
फिरता पशुसेवक, होटगी
दि. १५ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१) संदर्भातील दोन्ही पत्रे.
२) फुटलेल्या गुडघ्याचा फोटो (शेजारी कुणीही उभे नाही).
३) दोन्ही सायकली. कार्यालयाच्या दारात एकाच साखळीने बांधून ठेवल्या आहेत. समितीने त्यांतली कोणतीही एक निवडावी. दुसरी हातात धरून नेण्यास हरकत नाही.