सॅल्यूट परत घेण्याबाबत

नेकारसुल्म, जर्मनी,
३ नोव्हेंबर २०२५

तीर्थस्वरूप बाबांना गौरांगचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही तिघं मजेत. निशिगंधाने डिंकाचे लाडू केलेत, ते फोडायला मी कारखान्यातून हातोडी आणावी असं तुमची नात जर्मनमध्ये सुचवते. तुमची शुगर कशी आहे?

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. सोबत एक फॉर्म आहे, त्यावर तुमची शाईची सही लागते. शिवाय फोनवर तुम्ही दिसता.

इराला शाळेत कुटुंबावर निबंध होता. तिने लिहिलं, माझे बाबा कारगिलला लढले, पायात गोळी लागली. पुरावा म्हणून तुम्ही पाठवलेलं इंग्रजी प्रमाणपत्र जोडलं, ‘माझा जावई शूर सैनिक आहे. सुभेदार शशिकांत जाधव, निवृत्त.’ इथल्या गावच्या साप्ताहिकात सगळं फोटोसकट छापून आलं, आणि नागरिकत्वाच्या ऑफिसातल्या बाई ते साप्ताहिक वाचतात. चार वर्षांपूर्वी अर्जात ‘सैन्यात होता का, युद्धात भाग घेतला का’ यापुढे मी ‘नाही’ लिहिलं होतं. युद्ध लपवलंत, तेव्हा नागरिकत्व रद्द का करू नये, असं पत्र आलं. भारतीय पासपोर्ट तर केव्हाच जमा केलाय. म्हणजे मी धड इकडचा राहणार नाही की तिकडचा.

बाबा, अर्जात मी खरंच लिहिलं होतं.

कारगिलच्या वर्षी आम्ही कॉलेजची पोरं पुण्यात जवानांसाठी चिवड्याची पाकिटं टेम्पोत भरत होतो. टेम्पो अचानक निघाला आणि मी मागच्या मागे रस्त्यावर. बघण्याच्या कार्यक्रमात तुम्ही विचारलंत, पायाला काय झालं? निशिगंधा समोर बसलेली. टेम्पोतून पडलो म्हणणं जिवावर आलं. मी म्हणालो, कारगिल. तुम्ही खुर्चीतून उठून मला कडक सॅल्यूट ठोकलात. पुढचं मी पोह्यांबरोबर गिळलं.

हे सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

“आल्झो, म्हणजे सरकारशी खरं बोललात आणि सासऱ्यांशी खोटं?”

“जा, गेनाऊ,” मी म्हणालो, म्हणजे हो, अगदी तसंच.

त्यांच्याकडे बहुतेक उलटंच येतं म्हणे. पण प्रमाणपत्र ज्यांनी दिलं, त्यांनीच ते चुकीचं असल्याचं लिहून द्यायला हवं, पाच डिसेंबरच्या आत. खूण केलेल्या जागी सही करा.

निशिगंधाला हे पहिल्या दिवाळसणालाच कळलं होतं. तिच्यावर रागावू नका, तुमचं मन मोडणं तिला जमलं नाही. आम्ही सुट्टीला आलो की तुम्ही दारातच आधी सॅल्यूट करता, मग पाणी विचारता. बावीस वर्षं मी तो घेतला. लाज वाटते, बाबा. आवडायचा, त्याची जास्त लाज वाटते.

नागरिकत्व काढून घेतलं, तर महिनाभरात हरकत नोंदवता येते. तुम्ही सॅल्यूट काढून घेतलात, तर ती कुठे नोंदवायची, तेवढं सहीसोबत कळवा.

तुमची हरकत नसल्यास अजूनही तुमचाच जावई,
गौरांग
(चिवडा विभाग, पुणे)