अण्णांच्या गाडीचा धूर

५ नोव्हें. ५७
सकाळी व्हिजिटला निघताना गाडी सुरू केली आणि आईचा दमा उसळला. काळा धूर थेट खिडकीत. दादा भडकला. रविवारी त्याच्या ऑफिसातले एक गृहस्थ गाडी बघायला येणार. वडिलांची, अण्णांची गाडी विकायची, ठरलं म्हणे. मग घोडपदेवच्या अडलेल्या बाळंतिणीकडे मी वेळेवर पोचायचं कसं? पण आईची धाप ऐकली की दादाचंच खरं वाटतं. पेट्रोलही घटाघटा पिते मेली.

७ नोव्हें.
माहीमला गेले, इनास मेस्त्रींकडे. अण्णांच्या वेळचा माणूस. आधी डोळे मिटून नुसतं इंजिन ऐकलं. मग एक प्लग काढून दाखवला, काजळी धरलेला. पेट्रोल अर्धवट जळतंय, हवा कमी पडतेय, म्हणाले.

एअर फिल्टर उघडला तर वर धोतराचं फडकं, दुपदरी शिवलेलं. टाके अण्णांचे. परळच्या गिरण्यांची काजळी आत जाऊ नये म्हणून! ते गेल्यावर तीन वर्षं कुणी बघितलंच नाही. मेणचट, काळंकुट्ट झालेलं.

"बाय, तिला दम लागलाय. तू डॉक्टर ना?"

शरमले. रोज आईची छाती तपासते आणि... फडकं काढवेना. शेवटी मीच उसवलं.

८ नोव्हें.
फिल्टर धुतला, प्लग घासले, चाकांत हवा, कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा. एवढंच! मेस्त्रींनी सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरला. जेमतेम करडा. इतकी बाळंतपणं केली, पण अशी थक्क फार दिवसांनी झाले. हा माणूस नुसत्या कानाने... घोडपदेव दोनदा, परळ एकदा, तरी पेट्रोलचा काटा फारसा हललेला नाही. मागच्या काचेवर कुणीतरी खडूने 'मुंबई आमची' लिहून गेलंय. पुसलं नाही.

१० नोव्हें., रवि.
गृहस्थ आले. इंजिन ऐकून खूश, आजच नेतो म्हणाले. गाडी दुरुस्त करून मीच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. दादा हो म्हणणार, तेवढ्यात आई जिना उतरून आली. चालू गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि मुद्दाम मोठ्ठा श्वास घेतला. डॉक्टर म्हणून मी तिला ओढून बाजूला करायला हवं होतं. केलं नाही. तिला खोकला आला नाही.

"आता बोल," आई दादाला म्हणाली.

दादाने गाडी बंद केली. मग गृहस्थांना म्हणाला, बुधवारी कळवतो.