चार खणांचा हलका हॉल

१४ सप्टेंबर १९९७, रविवार
ऑर्डर पक्की! केयूरभाईंनी हात मिळवला. करावे गावाच्या पलीकडे, खाडीला लागून त्यांचा भरावाचा प्लॉट आहे. त्यावर त्यांच्या पॅकिंगच्या मालासाठी माझा चार खणांचा हॉल. दसऱ्याला उद्घाटन.
तेवीस वर्षं तुर्भ्याच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या. बस झालं. आता डिझाईन आपलं. लोकांच्या शेडला लागतं त्याच्या निम्म्या लोखंडात माझा हॉल उभा. वीस फुटांचा एक खण, तीन माणसं, एक दिवस. माल वाढला की खण जोडा, कमी झाला की सोडवून दुसरीकडे न्या.
अरुणाला सांगितलं. बायको म्हणून खूश व्हायला हरकत नव्हती. म्हणाली, जे सोडवता येतं ते आपोआप सुटत नाही ना? हिला इंजिनिअरिंगचा गंध नाही.
संकल्प: सकाळी जुईनगर स्टेशनपर्यंत चालायचं. साइटवर आवाज चढवायचा नाही. डायरी रोज लिहायची.

१५ सप्टेंबर
चाललो नाही. बूट सापडेनात.

२० सप्टेंबर, शनिवार
पाया झाला. (मधले दिवस डायरी राहिली. कामाचा माणूस काम करतो, लिहीत बसत नाही.) ड्रॉइंगमध्ये प्रत्येक खांबाखाली सहा बोल्ट होते. चार केले. सहा म्हणजे मी भित्रा होतो तेव्हाचे.
शेजारी हिरामण जाळी वाळत घालतो. जन्मापासून याच खाडीवर मासे मारतोय. अर्धा तास कमरेवर हात ठेवून बघत होता. मग म्हणाला, दादा, यो वारा कुठनं येतो ते बगितलंव काय? मी म्हटलं, वाऱ्याचं सगळं कोडच्या पुस्तकात दिलेलं असतं. तर म्हणाला, आमचे खाडीला वाचता येत नाय.
उद्धट माणूस. आवाज थोडा चढला माझा.

२७ सप्टेंबर, शनिवार
दोन खण उभे! माझा मुख्य फिटर शिवराम, परभणीकडचा. हात असा की नट नुसता बोटाने फिरवून सांगतो, आटे बसलेत की नाही. त्याची भाड्याची खोली सुटली, म्हणून त्याला आणि त्याच्या बायकोला, मुक्ताबाईला, पहिल्या खणात राहायला सांगितलं. वॉचमनचाही प्रश्न मिटला. एका दगडात... असो, माणुसकी म्हणून केलं.
मुक्ताबाईने चूल मांडायच्या आधी वर छताकडे बघितलं आणि विचारलं, साहेब, हे राहील ना? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, काही झालं तर जबाबदारी माझी. वाक्य झकास जमलं. उद्घाटनाच्या भाषणात घ्यावं.

१ ऑक्टोबर, बुधवार
चारही खण पूर्ण. मुक्ताबाईची तक्रार: दुपारी हॉल बोलतो. म्हटलं, बघू तरी. चार वाजता खाडीवरून वारा सुटला आणि खरंच, एक बारीक घरघर. कानाला कमी, तळपायाला जास्त. कारण साधं आहे. लोखंड उन्हाने फुगतं.
दुसरी तक्रार: सकाळी झाडताना जमिनीवर नट सापडतात. आज सात होते, डब्यात ठेवलेत तिने. शिवराम रोज पुन्हा आवळतो. मी तिला हिशेब समजावला, आठशेतले सात, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. ती म्हणाली, पण सात कुठले?
अशा प्रश्नांना उत्तर नसतं.

४ ऑक्टोबर, शनिवार
केयूरभाईंचे रॅक ट्रकमधून आले. पुढून शटरचं काम चालू, म्हणून ट्रक बाजूने घ्यायचा ठरलं. तिथे खांबाखांबांत तिरपे रॉड आडवे येत होते. दोन्ही बाजूंचे काढायला लावले. शिवराम कुरकुरला. म्हणाला, साहेब, सगळा तोल ह्याच रॉडवर हाय. डिझाईन कोणाचं, याचं की माझं?
रॉड निघाले आणि हॉल काय दिसला! मोकळा, देखणा. दसऱ्याला आणखी तीन पार्ट्यांना बोलावलंय. त्यांनी हा असाच बघायला हवा. रॉड नंतर लावू. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न.

८ ऑक्टोबर, बुधवार
अंगाची लाही होतेय. पाऊस जाता जाता रोज दुपारी पूर्वेला काळे ढग जमवतो, गडगडतो आणि निघून जातो.
शिवरामने ओळंबा सोडला. मधला खांब दोन बोटं कललेला निघाला. मी स्वतः सोडला. तीन बोटं. ओळंब्याची दोरी जुनी आहे. नवी आणायला सांगितली.
झोप नीट लागत नाही. अरुणा म्हणते, रॉड लाव. मी तिला रॉडबद्दल कधी बोललो? म्हणाली, झोपेत बोलतोस.
उद्या लावतो.

९ ऑक्टोबर
फुलं, पेढे, मांडववाला, आमंत्रणं. रॉड राहिले.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी. दुपारी १२
पूजा यथासांग. पाने, हातोडे, ड्रिल मशीन, सगळं पाटावर मांडलं. कुंकू, झेंडू, नारळ. आमच्या कारखान्यात तेवीस वर्षं हा रिवाज होता. आज हत्याराला विश्रांती, उद्या मुहूर्तावर उचलायचं. धंद्याच्या पहिल्याच वर्षी हा नियम मोडायचा म्हणजे काय!
आणि शिवरामने पाटावरून मोठा पाना उचलला. कुंकवासकट. म्हणाला, आज ढग वेगळा हाय, तासाभरात रॉड बसवतो. मी म्हटलं, अरे, आज नाही चालत. तो म्हणाला, साहेब, आमी बौद्ध, आमच्यात हे नसतं. पाप लागलंच तर मला लागंल.
सगळे बघत होते. प्रश्न रॉडचा नाही, शिस्तीचा होता. मी हात पुढे केला. तो क्षणभर थांबला. मग त्याने पाना दिला. मी पुसून, नवं कुंकू लावून पाटावर ठेवला. उद्या सव्वानऊला पहिलं काम तेच.

दुपारी ३.३०
मुक्ताबाईने गाठोडी उचलून हिरामणच्या ओट्यावर नेली. चूलसुद्धा विझवून गेली. मला मनापासून वाईट वाटलं. विश्वास म्हणून काही चीज आहे की नाही? मुद्दाम हॉलच्या मध्यभागी खुर्ची टाकून बसलोय. लिहितोय. बघू दे सगळ्यांना.
पूर्वेकडे अंधारून आलंय. वारा अजिबात नाही. हिरामणने होडी वर ओढली.

३.५०
घरघर सुरू. आज वारा नसताना आधीच. पाटावरचा नारळ आपोआप सरकतोय.
शिवराम बाहेरून ओरडतोय, बाहेर या. येतो म्हटलं, एवढं वाक्य पुरं

११ ऑक्टोबर, शनिवार. दसरा
मी ठीक आहे. गुडघा खरचटला.
वारा एकदम आला. छत आधी वर गेलं, मग खाली. सगळे खण एकामागून एक खाडीच्या बाजूला आडवे झाले. मी उठतच होतो. शिवराम कशाला आत आला, कळत नाही. त्याने मला ढकललं आणि मधला खांब त्याच्या उजव्या हातावर आला. तीन बोटं गेली.
मी माझा बाहेर आलो असतो. बहुतेक.
केयूरभाईंचा फोन आला. अरुणाने घेतला. काय बोलले, सांगत नाही. ही डायरी हिरामणने चिखलातून काढून आणून दिली. त्याला वाचता येत नसावं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
हॉस्पिटलात गेलो. सफरचंदं नेली. रिक्षात वाक्यं तयार केली: निसर्गापुढे इलाज नाही, कुणाच्याच हातात काही नव्हतं. ‘हातात’ हा शब्द गाळायचा ठरवलं.
मला बघून मुक्ताबाई उठून बाहेर गेली. मी सुरुवात करणार, एवढ्यात शिवरामच म्हणाला, साहेब, वाईट वाटून घेऊ नका, चूक माझी हाय.
काय बरं वाटलं म्हणून सांगू! चार दिवसांनी पहिल्यांदा छाती मोकळी झाली. मी मोठ्या मनाने म्हटलं, अरे, असं कशाला? तरी विचारून ठेवलं, नेमकी कसली चूक. पुढेमागे कोणी विचारलं तर सांगायला बरं.
तो पट्टीकडे बघत होता. म्हणाला, पाना माझ्या हातात आला होता. तुमी मागितला आन मी दिला.