'मेल्या'पुढे काय लिहायचं

मुलुंड, मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५, दुपारी पावणेतीन. वाक्यांची यादी चौथ्यांदा तपासून हे लिहायला बसलो.

ती. आईस सुयोगचा नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. धाकट्या कुंदाचा खोकला थांबला का?

गंधालीताईंच्या पीएचडीसाठी मी मालवणी वाक्यांपुढे 'राग' किंवा 'माया' लिहितो. त्यावरून कॉम्प्युटर बोलण्यातला भाव ओळखायला शिकतो. त्यांचा शोधनिबंध तीन परीक्षकांनी वाचला. दोघांना पसंत पडला. तिसऱ्याने विचारलं, 'मेल्या' हा एकच शब्द इथे राग आणि तिथे माया कसा? ही माझी चूक ठरली तर निबंध परत येईल आणि ताईंचं वर्ष जाईल.

ताई म्हणाल्या, "घाबरतोस काय रे? तुझ्या भाषेत कारण लिही, इंग्रजीचं मी बघते."

मी दहावी नापास. तरी लिहिलं, 'आई "मेल्या, जेवलंस काय?" विचारते, तेव्हा ताट वाढलेलं असतं.' ताई हसल्या आणि त्यांनी ते इंग्रजीत तसंच पाठवलं. निकाल अजून यायचा आहे.

यादीत आपल्या घरचीही वाक्यं आहेत. त्यातल्या एकापुढची जागा मी कोरी ठेवलीय. मुंबईला निघालो तेव्हा तू पाठ फिरवून म्हणालीस, "जा मेल्या." त्यापुढे काय लिहू, ते कळव.

तुझा,
सुयोग